ही गाडी गुलाबी आहे

मुलाला, तोंगला, थाई रिवाजाप्रमाणे लग्नाआधी थोडे दिवस भिक्खूची दीक्षा द्यायची त्याच दिवशी सकाळी साडेसहाला, प्रयून मास्तरांनी घरातली एकुलती एक गाडी एका फिरंग्याला भाड्याने दिली. आज गाडी कुणालाही द्यायची नाही, असं बायकोने, लामायबाईंनी, आठवडाभर रोज जेवताना बजावलं होतं आणि मास्तरांनी रोज मान डोलावली होती. मान डोलावणं मास्तरांना फार छान जमायचं. शाळेत बत्तीस वर्षं कवायत शिकवली, पण समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं काही त्यांना शिकता आलं नाही.

त्यातून हा फिरंगी साधासुधा नव्हता. हेन्ड्रिक त्याचं नाव, हॉलंडचा. उंची इतकी की दारातून आत येताना त्याने आधी वाकून नमस्कार केला की आधी चौकट चुकवली, ते कळेना. पुस्तकातून थाई शिकून आला होता आणि पुस्तकातली थाई जशीच्या तशी बोलत होता.

"आदरणीय गृहस्थ," तो हात जोडून म्हणाला, "मज पामरास आपले वाहन नऊ वाजेपर्यंत लाभेल काय? त्रांगमधले भाजलेले डुक्कर सकाळीच खावे लागते असे ऐकतो. उद्या मी परत जाणार."

मास्तर विरघळले. पोटच्या पोराने त्यांना कधी 'आदरणीय' म्हटलं नव्हतं. शिवाय घरात कुणी नव्हतं. लामायबाई, तोंग आणि फथ्थलुंगहून आलेले होणारे व्याही पहाटेच मेव्हण्याच्या पिकअपमधून विहारात गेले होते. तिथे तोंगचं मुंडण होतं. भिक्षापात्र घेऊन मास्तरांनी मागून गाडीने यायचं, एवढंच ठरलं होतं. मिरवणूक एक वाजून नऊ मिनिटांनी. नऊला गाडी परत आली, तर कुणाला कळणार होतं?

"नऊ म्हणजे नऊ हं," मास्तर किल्ली देत म्हणाले. "आणि मंडईत गाडी लावशील ती रस्त्याच्या टोकाला लाव. विहाराच्या बाजूला बिलकुल जायचं नाही."

"का बरे?"

"बायको आहे तिथे."

हेन्ड्रिकने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

"दुसरं. जागा मिळाली नाही तर दुसऱ्यांच्या गाड्यांसमोर आडवी लाव. पण चाकं सरळ ठेव, गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, हँडब्रेक ओढू नको. म्हणजे ज्याला बाहेर पडायचं असेल तो ढकलून बाजूला करेल."

"कोण ढकलेल?"

"कुणीही."

"अनोळखी माणूस माझी गाडी ढकलेल?"

"मग काय ओळखीचा शोधत बसायचा? सगळेच ढकलतात."

हेन्ड्रिकने तेही लिहून घेतलं. मग तो गाडीच्या मागे गेला, काचेवरचं स्टिकर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवून वाचलं आणि गाडीकडे बघत राहिला. गाडी पांढरीशुभ्र होती. स्टिकरवर लिहिलं होतं, 'ही गाडी गुलाबी आहे'.

"आदरणीय गृहस्थ, हा शब्द म्हणजे गुलाबीच ना?"

"हो."

"आणि गाडी?"

"गुलाबीच," मास्तर म्हणाले. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती.

आता यात न समजण्यासारखं काय आहे? लामायबाईंचा जन्म मंगळवारचा. मंगळवारच्या माणसाला पांढरा रंग वैरी. सहा वर्षांपूर्वी ही गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिला एक म्हैस धडकली, दुसऱ्या आठवड्यात टपावर नारळ पडला. ज्योतिष्याने पत्रिका बघून सांगितलं, रंग बदला. रंगाऱ्याने जो खर्च सांगितला तो ऐकून ज्योतिषी म्हणाला, मग निदान स्टिकर लावा. स्टिकर लागलं त्या दिवसापासून ना म्हैस, ना नारळ. मात्र त्या दिवसापासून घरात गाडीच्या बाबतीत 'पांढरी' हा शब्द बंद झाला. तोंग एकदा चुकून बोलला, तर त्याला त्या रात्री माशाची आमटी मिळाली नाही. लामायबाईंच्या मते गाडी ऐकत असते.

साडेनऊ झाले तरी फिरंग्याचा पत्ता नव्हता. मास्तर रेशमी सदरा घालून, भिक्षापात्र मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. लामायबाई.

"अहो तोंगचे बाबा, झालं बरं का मुंडण. भुवयासुद्धा काढल्या. अगदी सोललेल्या अंड्यासारखा दिसतोय तुमचा मुलगा. व्याही कौतुकाने बघतायत. तुम्ही निघताय ना? आणि हे बघा, त्याने घालायची चीवरं शोधत बसू नका घरभर. मी कालच डिकीत ठेवलीत. मुंग्या नकोत लागायला."

मास्तरांच्या मांडीवरचं पात्र घरंगळलं.

"कुठल्या डिकीत?"

"आपल्याकडे किती डिक्या आहेत?"

"नाही, म्हणजे... मी गाडी धुवायला आणली आहे. जरा वेळ लागेल."

"धुवायला? तुम्ही? बरं. सुबुद्धी झाली म्हणायची. पण डिकीत पाणी जाऊ देऊ नका."

चीवरं काय, दुकानात दहा मिळाली असती. पण या चीवराच्या काठाला लामायबाईंनी आतल्या बाजूने आपल्या आईचं नाव बारीक टाक्यांनी शिवलं होतं. नातवाला चीवरात बघायचं, म्हणजे आपली पुढची वाट सोपी होईल, असं म्हातारी शेवटपर्यंत म्हणत होती; आणि तोंग नोकरी, मग बढती, मग मैत्रीण असं करत टाळत राहिला. म्हातारी तशीच गेली. आता लग्नाआधी पंधरा दिवसांसाठी तो एकदाचा तयार झाला, तेव्हा लामायबाईंनी तीन दुपारी चष्मा सांभाळत ते नाव शिवलं होतं. मिरवणुकीत चीवरं आईच्याच हातात असतात. लामायबाई रिकाम्या हातांनी व्याह्यांसमोर चालतायत, हे चित्र मास्तरांच्या डोळ्यांसमोर आलं.

फोन पुन्हा वाजला. हेन्ड्रिक.

"आदरणीय गृहस्थ, मी अत्यंत लज्जित आहे. आपले वाहन गेले."

"गेलं म्हणजे?"

"मी नेमके आपण सांगितले तसे लावले. निळ्या ट्रकसमोर, आडवे, न्यूट्रल. आता ट्रक नाही. वाहन नाही. एक कुत्रे आहे."

शेजाऱ्याची स्कूटर मागून घेऊन मास्तर दहाव्या मिनिटाला मंडईत पोचले. मंडईच्या समोरचं मैदान विहाराचंच. गाड्यांच्या दोन लांब रांगा, मधून सरळ वाट, आणि वाटेच्या शेवटी विहाराचं फाटक. फाटकापाशी मिरवणुकीच्या ढोलवाल्यांचा ट्रक येऊन उभा होता, भिंतीएवढ्या कर्ण्यांवर गाणी वाजवणारा.

"तिकडे बघायचे का?" हेन्ड्रिकने फाटकाकडे बोट दाखवलं.

"तिकडे नको! बायको आहे तिथे," मास्तर त्याला ओढत म्हणाले. "तिच्यापासून जेवढं लांब शोधता येईल तेवढं शोधू."

त्यांनी मासळीची बाजू शोधली, भाजीची शोधली, बर्फाच्या कारखान्यामागची गल्लीही शोधली. मास्तरांचा फोन खिशात थरथरत होता. लामायबाईंचे चार फोन आले आणि चारही मास्तरांनी घेतले नाहीत. शेवटी घाम पुसत ते मंडईच्या ध्वनिक्षेपकाच्या खोलीत शिरले. तिथे चमायबाई बसायच्या. हरवलेली मुलं, सापडलेल्या चपला, स्वस्त झालेली वांगी, सगळं त्या एकाच आवाजात सांगत.

"गाडीचं वर्णन?" त्यांनी पेन उघडलं.

"चार दारं. जुनी. टपावर नारळाएवढा पोचा."

"रंग?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सहा वर्षांची सवय. त्यात आजचा दिवस, पोराची दीक्षा. आज तो शब्द तोंडातून काढायचा म्हणजे म्हशीला आमंत्रणच.

"गुलाबी," ते म्हणाले.

"पांढरी!" हेन्ड्रिक म्हणाला.

"गप्प बस रे!"

"परंतु मी ती चालवली आहे!"

"बाई, त्याचं ऐकू नका, तो परदेशी आहे. गुलाबी लिहा." मग मास्तर पुढे वाकून हळूच म्हणाले, "डिकीत चीवरं आहेत. आज मुलाची दीक्षा आहे. याला गाडी भाड्याने दिली हे बायकोला कळता कामा नये."

"कळता... कामा... नये," चमायबाईंनी लिहून घेतलं.

पहिली घोषणा झाली ती मास्तरांनी ऐकलीच नाही, कारण मैदानाचा रखवालदार वान धावत आला होता. "सापडली! कोळंबीवाल्यांच्या मागे!"

तिघे पळाले. मागे खरोखरच एक गाडी होती, गुलाबाच्या सरबतासारखी डोळ्यांत भरणारी गुलाबी. हेन्ड्रिक तिला एक प्रदक्षिणा घालून मागच्या काचेपाशी थांबला आणि बोट फिरवत वाचू लागला. वाचून झाल्यावर तो शेजारच्या उलट्या टोपलीवर बसला. काचेवर लिहिलं होतं, 'ही गाडी पांढरी आहे'.

तेवढ्यात भाजक्या डुकराच्या गाळ्यावरून हेंगशेट हातातला सुरा न ठेवताच आले. "ए, माझ्या गाडीला कोण हात लावतंय?"

"यांची गुलाबी गाडी हरवली आहे, शेट," वान अदबीने म्हणाला.

"मग इथे काय करताय? माझी पांढरी आहे."

वानने स्टिकर बघितलं, मान हलवली आणि आपल्या वहीत लिहिलं. "बरोबर आहे मास्तर. तुमची गुलाबी, ही पांढरी. म्हणजे ही ती नव्हे. शोध चालू."

"क्षमा असावी," हेन्ड्रिक टोपलीवरून म्हणाला. त्याचा आवाज आता फार बारीक झाला होता. "ही गाडी... कोणत्या रंगाची दिसते?"

"दिसायचं कशाला? लिहिलंय की," वान म्हणाला.

"माझे डोळे हॉलंडमध्ये ठीक होते."

साडेअकरा वाजून गेले होते. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, हेंगशेटच्या कानाशी गेले आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "शेट, कसं सांगू... तुमची गाडी म्हणायला जशी आहे ना, तशी आमची दिसायला आहे."

हेंगशेटनी सुरा खाली केला. चेहरा एकदम मऊ झाला. "असं होय! मग आधी सांगायचं की. मंगळवार?"

"बायकोचा."

"माझा स्वतःचा बुधवार. गुलाबीने माझं वाटोळं केलं असतं. सासऱ्याने दिलेली, विकता येईना." त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. "टपावर पोचा आहे का?"

"आहे!"

"अहो, मग ती मीच ढकलली की सकाळी! मला गाडी आत घालायची होती. मी एक दहा पावलं ढकलली, मग भोपळ्याच्या ट्रकवाल्याने ढकलली, मग ती शाळेची व्हॅन निघाली तेव्हा तिघींनी मिळून. सरळ उतारच आहे तो. हसत हसत जाते गाडी."

"कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? विहाराच्या फाटकापर्यंत. पुढे भिंतच आहे."

मास्तर मटकन हेन्ड्रिकशेजारच्या टोपलीवर बसले. रस्त्याच्या टोकाला, बायकोपासून शक्य तितकी लांब लावलेली गाडी अख्ख्या मंडईने हातोहात नेऊन बायकोच्या दारात सोडली होती.

फाटकाजवळ ते पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. ढोलवाल्यांचा ट्रक पुढे सरकला होता आणि त्यामागे, चिंचेच्या सावलीत, गाडी उभी होती. डिकी उघडी होती. आणि डिकीसमोर लामायबाई उभ्या होत्या, रेशमी वस्त्र नेसलेल्या, गळ्यात आईचीच साखळी. दोन्ही हातांवर चीवरांची घडी. कमरेच्या बटव्यातून दुसऱ्या किल्लीची दोरी लोंबत होती.

 हेन्ड्रिक मास्तरांच्या मागे लपला, म्हणजे त्याचा गुडघ्यापासून पोटापर्यंतचा भाग लपला.

"आलात?" लामायबाई म्हणाल्या. "चार फोन केले. म्हटलं, सांगावं गाडी मिळाली म्हणून."

"मी... ती लवकर आणून ठेवली. तुला सोयीचं म्हणून."

"हं. धुतलीत ना?"

मास्तरांनी गाडीकडे बघितलं. सकाळचा चिखल चाकांपासून दारापर्यंत जागच्या जागी होता, आणि त्यावर किमान सहा माणसांचे हात उमटले होते. "थोडीशी," ते म्हणाले.

लामायबाईंनी नुसतं 'छान' म्हटलं. हे मास्तरांना जास्त भीतीदायक वाटलं. तोवर मंडपातून मंडळी बाहेर येऊ लागली होती. होणारे व्याही, विहीणबाई, मोठी नणंद, आणि मधोमध पांढऱ्या झग्यातला, बिनभुवयांचा तोंग, ज्याच्या चेहऱ्यावरून तो आनंदी आहे की घाबरलेला हे सांगणं आता कुणालाच शक्य नव्हतं. सगळे गाडीभोवती जमले. विहीणबाईंनी चीवरांना हात जोडले. लामायबाईंनी काठ उलटून आतलं नाव त्यांना दाखवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांनाही भरून आलं. सुटलो, असं त्यांना वाटलं.

आणि इतका वेळ ढोलवाल्यांच्या गाण्यांखाली बुडालेला मंडईच्या खांबावरचा कर्णा खरखरला.

"लक्ष द्या. तिसरी आणि शेवटची सूचना," चमायबाईंचा आवाज सगळ्या मैदानावर पसरला. "प्रयून नावाच्या गृहस्थांनी परदेशी पाहुण्याला भाड्याने दिलेली गुलाबी गाडी अजून सापडलेली नाही. डिकीत मुलाच्या दीक्षेची चीवरे आहेत. गाडी दिसल्यास कळवावे. ही गोष्ट त्यांच्या पत्नीला कळता कामा नये, अशी मालकांची विनंती आहे. सर्वांनी सहकार्य करावे. वांगी आज स्वस्त आहेत."

 ढोलवाल्याची टिपरी वरच्या वर राहिली. व्याह्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या मागून चहूबाजूंनी बाहेर आलेल्या फिरंग्याकडे. मास्तरांना वाटलं, आत्ता ती म्हैस आली तर बरं होईल.

"लामायताई," विहीणबाई चाचरत म्हणाल्या, "प्रयून म्हणजे... तुमची गाडी..."

लामायबाईंनी चीवरं छातीशी धरली. कोपराने डिकी बंद करून, दोन पावलं मागे सरकून त्या गाडीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, बरोबर त्या स्टिकरवर.

"आमची?" त्या म्हणाल्या. "छे हो. त्रांगमध्ये प्रयून काय एकच आहे? ते कुणाचं तरी गुलाबी गाडीचं म्हणतायत. आमची पांढरी आहे. दिसत नाही का?"

मोठ्या नणंदेच्या हातातला पंखा थांबला. तोंगने वडिलांकडे बघितलं. भुवया असत्या तर त्या कपाळाच्या वर गेल्या असत्या. सहा वर्षांत जो शब्द घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता, तो लामायबाईंनी चारचौघांत, गाडीला टेकून, गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटला होता.

"पांढरी!" हेन्ड्रिक एकदम आनंदाने ओरडला. सकाळपासून पहिल्यांदाच कुणी तरी त्याच्या डोळ्यांच्या बाजूने बोललं होतं. "आदरणीय बाई, मीही हेच—"

मास्तरांनी झडप घालून शेजारची मिरवणुकीची मोठी छत्री त्याच्या हातात कोंबली. "हा छत्रीवाला," ते व्याह्यांना म्हणाले. "मुद्दाम उंच बघून आणलाय."

ढोल वाजू लागले. एक वाजून नऊ मिनिटांनी मिरवणूक निघाली. तोंगच्या डोक्यावर धरली तितक्या उंचावर छत्री आजवर कुणाच्याच डोक्यावर धरली गेली नसेल. सावली सारखी तिसऱ्याच माणसावर पडत होती. पुढे लामायबाई चीवर घेऊन, शेजारी मास्तर भिक्षापात्र घेऊन. भिक्षापात्र स्कूटरच्या टोपलीतून आलं होतं आणि त्याला एक कोळंबीचं शेपूट चिकटलं होतं. ते मास्तरांनी चालता चालता पुसलं.

"लामाय," ते समोर बघतच हळूच म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"पावणेदहाला. तिघी बायका ती फाटकापाशी ढकलत आल्या, तेव्हाच बघितली. पुढच्या सीटवर थाई शिकायचं पुस्तक होतं, आणि सीट इतकी मागे सरकवलेली की मला वाटलं डिकीतच बसून चालवली कुणी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"चार फोन केले ना."

 मास्तरांच्याने राहवेना. "पण तू तो शब्द बोललीस गं. आज. गाडीसमोर."

लामायबाईंनी हातातल्या घडीचा काठ अंगठ्याने चाचपला, जिथे आईचं नाव होतं तिथे. "आई आहे आज बरोबर," त्या म्हणाल्या. "आज चालतं."

आणि व्याह्यांकडे बघून गोड हसत, ओठ न हलवता म्हणाल्या, "उद्यापासून मात्र गाडी गुलाबी. आणि तुम्हाला महिनाभर माशाची आमटी नाही."

मास्तरांनी मान डोलावली.